उलथापालथ, धामधूम, दंगल: प्रेमकथेच्या शेजारी कोणता शब्द?

प्रश्न (पारोळा)

आमच्या कॉलेजात चार सिनेमे दाखवणार आहेत आणि माहितीपत्रक लिहायचं काम माझ्याकडे आहे. ‘कॅसाब्लांका’, ‘गरम हवा’, ‘आंधी’ आणि ‘बॉम्बे’. चारही प्रेमकथा, चारहींत राजकारण. पहिल्यासाठी लिहिलं, ‘राजकीय उलथापालथीच्या पार्श्वभूमीवर फुलणारी प्रेमकथा’. तेच वाक्य दुसऱ्याला चाललं, तिसऱ्याला चाललं, आणि चौथ्याला लिहिताना खटकलं. चार वेगळे सिनेमे एकाच वाक्यात कसे मावतात? आजीला वाचून दाखवलं तर तिने विचारलं, “भाकर उलथतस, तसं का?” तर ‘उलथापालथ’ नक्की कशाची? आणि दुसरे कोणते शब्द वापरता येतील?

उत्तर (धुळे)

बेटा, आजीने नेमकं बोट ठेवलं. उलथणं म्हणजे खालची बाजू वर आणणं. तव्यावरची भाकरी उलथते, ती उलथायला उलथनं असतं. पालथं म्हणजे तोंड खाली. पालथा घडा आपण सगळे जाणतो. (रागाच्या भरात ‘कुठं उलथला होता?’ म्हणतात तेव्हा त्यात ‘मेला’ हा अर्थ येतो, तो इथे नको.) दोन्ही मिळून उलथापालथ: वरचं खाली, खालचं वर. म्हणून राज्य बदललं, सत्ता पालटली, कालचा मालक आज निर्वासित झाला, तिथेच हा शब्द शोभतो. नुसती गडबड म्हणजे उलथापालथ नव्हे.

या मापाने तुझे सिनेमे लावून पाहा. ‘कॅसाब्लांका’ 1942 चा. जून 1940 मध्ये जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या, त्या दिवसांत नायक-नायिकेची ताटातूट होते. पुढे मोरोक्कोतल्या कॅसाब्लांका बंदरात सगळं बाहेर पडायच्या दोन परवान्यांवर येऊन ठेपतं, आणि माणसं तीन: तो, ती आणि तिचा नवरा. एक देश पालथा पडलाय, तिथे उलथापालथ लिही, बिनधास्त. ‘आंधी’त मात्र निवडणुकीचा प्रचार आहे, पुढारी झालेली बायको आहे, दुरावलेला नवरा आहे, राजकारण भरपूर, पण उलटलं काहीच नाही. उलटलं ते सिनेमाच्या नशिबात: 1975 साली लागला, आणीबाणीत त्याच्यावर बंदी आली, 1977 मध्ये सरकार बदलल्यावर मोकळा झाला. आणीबाणी हाही जुना मराठी शब्द, अडचणीच्या क्षणासाठीचा. ‘आणीबाणीला उपयोगी पडला’ असं आमचे वडील शेजाऱ्याबद्दल म्हणत. 25 जून 1975 नंतर तो एका कालखंडाचं नावच होऊन बसला.

‘बॉम्बे’साठी उलथापालथ चुकीचाच. 1992–93 ची मुंबई, तिथे शब्द दंगल. पण जपून. आपल्याकडे यात्रेत ‘कुस्त्यांची दंगल’ भरते आणि लोक ती बघायला मुलाबाळांना घेऊन जातात. म्हणून ‘जातीय दंगल’ असं पूर्ण लिही.

आता एक शब्द मला फार जवळचा, धामधूम. आज आपण लग्न धामधुमीत करतो. पेशवाईच्या कागदांत हाच शब्द फौजा मुलखात फिरू लागल्या, लूटमार, पळापळ सुरू झाली, अशा अर्थाने येतो. 1802 मध्ये होळकरांच्या फौजेने खानदेश उजाड केला आणि मागोमाग दुष्काळ आला. त्या काळच्या माणसाला धामधूम म्हणताच वाजंत्री आठवली नसेल. मी धुळ्यात वाढलो, इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी अखेरचे दिवस जिथे काढले त्या गावात. त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळात जुने कागद पाहताना हा शब्द पहिल्यांदा त्या अर्थाने भेटला, तेव्हा मी बराच वेळ त्याच ओळीवर थांबलो होतो. एकाच शब्दात लग्नही आणि रणही. आज तो तसा वापरलास तर वाचक चुकेल, तरीही तुला माहीत असावा.

आणि पार्श्वभूमी. संस्कृतात पर्शू म्हणजे बरगडी, त्यावरून पार्श्व म्हणजे कुशीची बाजू. आपण ती पाठीमागे नेऊन टाकली, नाटकाच्या मागच्या पडद्यासारखी. वर्तमानपत्रांनी तर तिचा ‘मुळे’ करून टाकला: ‘निवडणुकीच्या पार्श्वभूमीवर बंदोबस्त’. तुझ्या चांगल्या सिनेमांत राजकारण मागे टांगलेलं नसतं, ते बरगडीला लागून असतं. ‘गरम हवा’त फाळणीनंतर पाकिस्तानात गेलेला काझिम आमिनाशी लग्नासाठी आग्र्याला परत येतो, तर पोलीस त्याला पकडून सीमेपलीकडे पाठवतात. आमिनाचं लग्न त्या सीमेनेच मोडलं. त्या सीमेला मागचा पडदा कसं म्हणणार?

उत्तर (जळगाव)

‘प्रणयनाट्य’ लिहू नका एवढंच सांगतो. तो शब्द जाहिरातीतच राहिला, बोलण्यात कधी आलाच नाही. प्रेमकथा पुरे.

उत्तर (नंदुरबार)

धुळ्याच्या सरांचं पटलं, त्यात एक भर. ‘राजकीय’ हा शब्दही काढ आणि घटनेचं नाव लिही. आमच्या गावात 9 सप्टेंबर 1942 च्या मिरवणुकीवर गोळीबार झाला, शिरीषकुमार आणि त्याच्याबरोबरची चार मुलं गेली. माणिक चौकातल्या स्मारकापुढे उभं राहून कुणी ‘राजकीय घडामोड’ म्हणत नाही. आम्ही ‘बेचाळीस’ म्हणतो, तेवढ्याने कळतं. फाळणी, महायुद्ध, आणीबाणी, जातीय दंगल: नाव घे, बाकीचं वाचकाला माहीत आहे.

आणि ‘फुलणारी’? ‘बॉम्बे’त दोघांचं लग्न होऊन जुळी मुलं झालीत, दंगलीत ती मुलं हरवतात. ‘आंधी’तले नवराबायको वर्षांनी भेटतात. ‘गरम हवा’बद्दल तर बोलायलाच नको. चारांपैकी एकाही सिनेमात प्रेम फुलत नाहीये गं ताई.

पारोळा, पुन्हा

सर, दादा, काका, रात्री बसून सगळं नव्याने लिहिलं. ‘पार्श्वभूमी’ एकदाही आली नाही, ‘उलथापालथ’ एकदाच.

गरम हवा (1973): फाळणीने आग्र्याच्या एका घरातल्या मुलीचं लग्न दोनदा मोडलं, त्याची गोष्ट.

बॉम्बे (1995): घरच्यांचा विरोध पत्करून मुंबईत संसार थाटलेलं जोडपं जातीय दंगलीत आपली मुलं शोधतं.

आंधी (1975): निवडणुकीच्या प्रचारात एका पुढारी बाईसमोर तिचा दुरावलेला नवरा येतो.

कॅसाब्लांका (1942): महायुद्धाच्या उलथापालथीत एका बंदरात अडकलेली तीन माणसं, एक बाई नि दोन पुरुष, आणि बाहेर पडायचे दोन परवाने.

आजीला चारही वाचून दाखवली. शेवटच्यावर तिने हातातलं काम थांबवलं आणि विचारलं, “मंग ती जास का नही?”