मोजायचं की मुक्काम करायचा?

उंबरठा_ओलांडून:
ओळखीतल्या एका प्राध्यापकांनी एमएच्या मुलांना सरळ सांगून टाकलंय, गावात जाऊन राहण्यात वेळ घालवू नका, गूगल फॉर्म फिरवा, तीनशे उत्तरं आली की प्रबंध झाला. मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून हा धागा.

एथ्नोग्राफी, म्हणजे लोकांमध्ये राहून, त्यांच्या कामाधामात सामील होऊन केलेला अभ्यास. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे दिंडीबरोबर पंढरपूरला चालत गेल्या, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की अभंग एकत्र म्हणणाऱ्या दिंडीत जेवणाच्या पंगती मात्र ब्राह्मणांच्या वेगळ्या आणि मराठ्यांच्या वेगळ्या. त्या मराठा बायकांमध्ये जाऊन जेवल्या. त्यानंतर त्याच बायका हात धरून सोबत चालायला लागल्या, घरच्या गोष्टी सांगायला लागल्या. आता 'तुम्ही जातिभेद पाळता का? हो/नाही' असा फॉर्म त्या दिंडीत वाटला असता तर काय हाती लागलं असतं? सगळे 'नाही'वर टिक करून टाळ वाजवत पुढे गेले असते.

दुसरं उदाहरण ऊसतोडीचं. यान ब्रेमन हे डच समाजशास्त्रज्ञ १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपासून दक्षिण गुजरातेत जात राहिले. बारडोलीच्या साखर कारखान्यांसाठी खानदेशातून येणाऱ्या टोळ्यांवर त्यांनी लिहिलंय. तिथेही मजुरीचा हिशोब कोयत्यावर, म्हणजे नवराबायको मिळून एक. बाई वाढं (उसाचा शेंडा) छाटते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. हिशोबाच्या वहीत तिचं नावही नसतं. हे फडात उभं राहिल्यावरच दिसतं.

आकडेमोड्या:
मी सर्वेक्षणातच नोकरी करतो, त्यामुळे पक्षपाती समजा. पण गूगल फॉर्म म्हणजे सर्वेक्षण नव्हे हो! वाईट सर्वेक्षण घ्यायचं आणि चांगल्या एथ्नोग्राफीशी त्याची कुस्ती लावायची, हा कुठला न्याय?

बायकांचं काम मोजलं जात नाही म्हणता? २०१९ साली देशभर वेळ-वापर पाहणी झाली. 'तुम्ही काम करता का' असं विचारलंच नाही. आदल्या दिवशी पहाटे चारपासून चोवीस तासांत काय काय केलं, ते अर्ध्या-अर्ध्या तासाचा हिशोब धरून विचारलं. 'मी घरीच असते' म्हणणाऱ्या बाईचं पाणी भरणं, गुरं, निंदणी सगळं कागदावर येतं.

आणि ऊसतोडीचंच घ्या. बीडच्या तोडणी कामगार बायकांची गर्भाशयं काढली जातात ही कुजबुज बरीच वर्षं होती. २०१९ मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची शस्त्रक्रिया झाल्याचं निघालं, तेव्हा कुठे प्रश्न केवढा मोठा आहे ते कळलं. एका कोपीत (तोडणीवाल्यांच्या खोपटात) राहून लिहिलेलं हृदयद्रावक प्रकरण मंत्रालयात कोण वाचतं?

उंबरठा_ओलांडून:
१३ हजार हा आकडा मान्य. पण का काढली, हे त्या आकड्यात कुठेय? खाडा झाला की मुकादम दंड कापतो, फडाजवळ संडास नाही, पाळीच्या दिवसांतही मोळ्या वाहायच्याच, गावातला डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो. हे धागे बायकांशी बोलून जुळले.

आकडेमोड्या:
बोलून! मुक्काम करून नव्हे. ते बातमीदारांनी आणि कार्यकर्त्यांनी बाहेर काढलं, कुणी वर्षभर राहिलं नव्हतं.

पोथीफोड्या:
लोकांत राहून अभ्यास करायच्या या पद्धतीचं जे आकर्षण आहे ना, ते मुख्यतः संशोधकाचं स्वतःचं आहे. मॅलिनॉव्स्कीला या शास्त्राचा आद्यपुरुष मानतात, न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर तंबू ठोकून राहिला वगैरे. १९६७ मध्ये त्याची खाजगी डायरी छापली गेली, तर त्यात तिथल्या लोकांबद्दल चिडचिड आणि तुच्छता. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या एका गावात राहिले, ते गावप्रमुखाच्या आश्रयाने. साहजिकच गाव दिसलं ते वरच्या जातींच्या ओसरीवरून, आणि हे त्यांनी लपवलेलं नाही. पुढे १९७० मध्ये अमेरिकेत आग लागून त्यांच्या तयार टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या, तर त्या गावावरचं पुस्तक बरंचसं आठवणीवर लिहिलं. आणि ते अभिजात! आमच्या भौतिकशास्त्रात असं केलं असतं तर गाईडने हाकलून दिलं असतं.

(इरावतीबाई पंगत ओलांडून गेल्या, चांगलंच केलं. पण तो मान त्यांना होता. त्या पंगतीतली बाई उठून पलीकडे जेवायला बसली असती तर?)

उंबरठा_ओलांडून:
कंसातला मुद्दा बिनतोड. मात्र श्रीनिवासांबद्दल तुम्ही जे म्हणता, ते कळलं कसं? त्यांनीच कुठे राहिलो, कुणाच्या घरी जाता आलं नाही ते लिहून ठेवलं म्हणून. फॉर्म भरून घेणारा कोणत्या ओसरीवर बसला होता, हे कुठल्या अहवालात छापतात?

फडावरचा:
माझे आईबाप पंधरा-वीस हंगाम कोयत्यावर गेले. मीबी लहानपणी कोपीवर राहिलोय, म्हणून दोन्हीकडच्यांना सांगतो.

फॉर्मवाले आमच्याकडं यायचे तेव्हा मुकादम शेजारी उभा असायचा. उचल (मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे) किती घेतली, फिटली का, पोरं शाळेत जातात का. आई त्याच्या तोंडाकडं बघून उत्तरं द्यायची. असे लाख फॉर्म भरले तरी ते मुकादमाचंच उत्तर, फक्त लाख वेळा.

आता मुक्कामवाल्यांचं. एक ताई राहायला आल्या होत्या, स्वभावानं लई चांगल्या. पण आई रात्री दोनला उठून भाकरी थापायची, त्यात पाहुणीचं ताट वाढलं. गाडी भरायला रात्रीबेरात्री जायचं तर ताईंना एकटं कसं सोडायचं म्हणून बहीण मागं थांबायची. अभ्यास त्यांचा, खाडा आमचा. तरी एक खरंय, मुकादम निघून गेल्यावर उचलीचा खरा आकडा आईनं त्यांनाच सांगितला.

आकडेमोड्या:
फडावरचा, मुकादमाचा मुद्दा आमच्या प्रशिक्षणात शिकवतात, एकांतात विचारा म्हणून. प्रत्यक्षात कोपीवर एकांत मिळत नाही, हेही खरं. तरी माझा मूळ प्रश्न राहतोच. एमएच्या मुलाकडे जेमतेम चार महिने, खिशात पैसे नाहीत, गाईडला सही करायला वेळ नाही. त्याने नेमकं काय करायचं?

फडावरचा:
दोन गोष्टी. ज्याच्याकडं राहायचं त्याचा शिधा आणि बुडालेली मजुरी द्यायची, हे आधी ठरवा. आणि विद्यापीठाला तारखा बदलायला सांगा. दिवाळीच्या आगंमागं टोळ्या निघतात आन् तवाच तुमच्या पोरांची परीक्षा. परीक्षा देऊन गावात येतात, तर घरात म्हातारी आन् कुलपं.