सॉमरसेटला यंदा काउंटी अजिंक्यपद मिळेल का? कुटुंबाच्या ग्रुपवरील चर्चा

दादा (टाँटन): सर्वांना नमस्कार. इंग्लंडमधल्या आपल्या सॉमरसेट क्रिकेट क्लबच्या सभासदत्वाची वर्गणी आज भरली आणि २०२६च्या हंगामाबद्दल ग्रुपवर सविस्तर बोलावे असे वाटले. ताई ग्लॉस्टरशायरच्या बाजूने असली तरी तिचेही मत हवे आहे. २०२५ मध्ये, म्हणजे क्लबच्या स्थापनेला दीडशे वर्षे झाली त्याच वर्षी, आपण टी-२० ब्लास्ट (काउंट्यांची, म्हणजे इंग्लंडच्या प्रादेशिक संघांची, वीस षटकांची स्पर्धा) जिंकली आणि चार दिवसांच्या सामन्यांच्या काउंटी अजिंक्यपद स्पर्धेत नॉटिंगहॅमशायर व सरे यांच्या मागे तिसरे आलो. १८९१ पासून आपण ही स्पर्धा खेळत आहोत आणि ती एकदाही जिंकलेली नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की संघ पहिल्या क्रमांकाच्या लायकीचा आहे. नडते ते वेळापत्रक, आणि त्याबाबत सभासदांनी गप्प बसू नये.

भाचा (ब्रिस्टल): मामा, तुमची तळमळ मला कळते, पण जो प्रकार आपल्याला उत्तम जमतो त्यालाच क्लबने प्राधान्य का देऊ नये? एजबॅस्टनला ब्लास्टच्या अंतिम सामन्यात हॅम्पशायरने १९४ धावा उभारल्यावर अनेकांनी आशा सोडली होती, तरी विल स्मीडच्या ९४ धावांच्या जोरावर आपण सहा गडी राखून जिंकलो. याच स्मीडने २०२२च्या नोव्हेंबरात, वयाच्या एकविसाव्या वर्षी, एकही प्रथम श्रेणी सामना न खेळता केवळ पांढऱ्या चेंडूचा, म्हणजे मर्यादित षटकांच्या सामन्यांचा, करार केला, तेव्हा त्याच्यावर किती टीका झाली होती! शिवाय माझ्या वयाची मुले मंगळवारी सकाळी अकरा वाजता मैदानावर जाऊ शकत नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी मात्र आम्ही सगळे जातो.

काका (पुणे): तुमची चर्चा वाचून मलाही लिहावेसे वाटले. १९८० साली व्हिव्ह रिचर्ड्स वेस्ट इंडीजच्या संघाबरोबर इंग्लंडच्या दौऱ्यावर होता, म्हणून त्या हंगामापुरते सुनील गावस्कर सॉमरसेटकडून खेळले आणि तेव्हापासून या संघाचे नाव आमच्या घरात आपलेपणाने घेतले जाते. आदल्याच वर्षी, १९७९ मध्ये, रिचर्ड्स, बोथम आणि गार्नर यांच्या त्या संघाने जिलेट चषक आणि रविवारची जॉन प्लेयर लीग जिंकून क्लबला पहिली विजेतेपदे मिळवून दिली होती. म्हणजे मर्यादित षटकांचे यश सॉमरसेटला नवे नाही. नाही ते एवढे एक अजिंक्यपद. महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला, त्यानंतर आजवर तो आपल्याकडे आलेला नाही, आणि २०१३-१४ मध्ये अंतिम सामन्यात कर्नाटकाने हरवले. त्यामुळे ही प्रतीक्षा काय असते ते पुणेकराला समजावून सांगावे लागत नाही.

दादा (टाँटन): काका, अगदी बरोबर बोललात. आपल्या वाट्याला तर हातातोंडाशी आलेला घास वारंवार हिरावला गेला आहे. २०१० मध्ये नॉटिंगहॅमशायर आणि आपले गुण समान झाले, पण त्यांचे विजय अधिक होते म्हणून अजिंक्यपद त्यांना मिळाले. त्याच वर्षी टी-२०च्या अंतिम सामन्यात हॅम्पशायरशी धावसंख्या बरोबरीत सुटूनही कमी गडी गमावल्यामुळे ते विजयी ठरले. २०१६ मध्ये आपण आपला शेवटचा सामना आदल्या दिवशीच जिंकून आघाडीवर होतो. लॉर्ड्सवरील मिडलसेक्स-यॉर्कशायर सामना अनिर्णित राहिला असता तरी अजिंक्यपद आपलेच होते. पण निकाल लागावा म्हणून दोन्ही संघांच्या संमतीने यॉर्कशायरला ४० षटकांत २४० धावांचे आव्हान दिले गेले आणि टोबी रोलंड-जोन्सच्या हॅट्ट्रिकने मिडलसेक्स जिंकले. तेव्हा आपले खेळाडू टाँटनला एकत्र बसून तो सामना पाहत होते. २०१९ मध्ये एसेक्सविरुद्ध विजय आवश्यक असताना पावसाने दिवसच्या दिवस खाल्ले, आणि वर खेळपट्टीबद्दल गुण कापले गेले ते वेगळेच.

भाच्या, तुझा शुक्रवारचा मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे. टी-२०चा हा खेळ २००३ मध्ये काउंटी क्रिकेटनेच जगाला दिला, आणि तो मैदाने भरावीत याच हेतूने. ब्लास्टवर माझा मुळीच राग नाही.

ताई (ब्रिस्टल): दादा, २०२४चा ब्लास्टचा अंतिम सामना तू सोयीस्करपणे वगळलास, तो आमच्या ग्लॉस्टरशायरने तुमच्याविरुद्धच जिंकला होता. अजिंक्यपदाच्या बाबतीत मात्र आपण एकाच नावेत आहोत, कारण १८९० मध्ये ही स्पर्धा अधिकृतपणे सुरू झाल्यापासून सॉमरसेट, ग्लॉस्टरशायर आणि नॉर्थहॅम्पटनशायर या तिघांनीच ती कधी जिंकलेली नाही. तरीही मला वाटते की आपल्यासारख्या छोट्या काउंट्यांनी आधी पैशाचा विचार करावा. आपल्या दोघांच्याही मैदानावर ‘द हंड्रेड’चा, म्हणजे शंभर चेंडूंच्या त्या वेगळ्या स्पर्धेचा, संघ नाही. त्या संघांमधील हिस्से २०२५ मध्ये विकले गेले आणि त्या रकमेतला वाटा सगळ्याच काउंट्यांना मिळणार आहे, पण तो एकदाच मिळणारा पैसा आहे. वर्षानुवर्षे तिजोरीत भर घालते ती ब्लास्टची संध्याकाळ. चार दिवसांचे १४ सामने खेळवून खेळाडूही दमतात आणि खर्चही वाढतो. ते १२ केले असते तर काय बिघडले असते?

दादा (टाँटन): ताई, दमछाकीचा मुद्दा गंभीर आहे आणि खेळाडूंची संघटनाही तेच सांगते. परंतु १८ पैकी १२ काउंट्यांचा पाठिंबा बदलाला मिळाला नाही, म्हणून १४ सामने कायम राहिले, आणि मला त्याचे समाधान वाटते. ब्लास्टचे गटातील सामने १४ वरून १२ होत आहेत, तेवढी विश्रांती तिकडून मिळेल. माझी तक्रार संख्येपेक्षा तारखांबद्दल अधिक आहे.

आपली ताकद कशात आहे ते पाहा. जॅक लीच आणि आर्ची वॉन ही फिरकी जोडी कोरड्या खेळपट्टीवर कोणत्याही संघाला गुंडाळू शकते. सप्टेंबर २०२४ मधला सरेविरुद्धचा सामना आठवा. शेवटच्या दिवशी सरेला २२१ धावा हव्या होत्या, ते तीन बाद ९५ वर होते आणि सामना अनिर्णित सुटणार असे सर्वांनाच वाटत होते. उन्हे उतरल्यावर फलंदाजाच्या भोवती क्षेत्ररक्षकांचे कडे पडले, लीचचा चेंडू झपकन वळू लागला आणि अवघ्या १४ धावांत सात बळी गेले. सरे सर्वबाद १०९. काही मिनिटेच उरली असताना शेवटचा गडी पायचीत झाला, तेव्हा सारे मैदान उभे होते. अठरा वर्षांच्या वॉनने त्या सामन्यात ११ बळी घेतले. पुढे त्या वर्षीचे अजिंक्यपद सरेनेच नेले, हे दुःख आहेच. पण तीन तासांच्या खेळात असा दिवस उगवूच शकत नाही.

आता हीच जोडी एप्रिलमध्ये काय करणार? ओलसर खेळपट्टी, बोचरा वारा, ढगाळ आकाश. चेंडू क्रेग ओव्हर्टनकडे द्यायचा आणि लीचने तासन्‌तास सीमारेषेवर उभे राहायचे. अजिंक्यपदाचे बहुतेक सामने एप्रिल, मे आणि सप्टेंबरात कोंबले जातात, ऐन उन्हाळा पांढऱ्या चेंडूला दिला जातो, आणि ऑगस्टमध्ये ‘द हंड्रेड’मुळे एकदिवसीय चषकातूनही चांगले खेळाडू गायब असतात.

काका (पुणे): याचा पुरावा आपल्या पृथ्वी शॉने दिला आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये नॉर्थहॅम्पटनशायरकडून खेळताना त्याने सॉमरसेटविरुद्धच १५३ चेंडूंत २४४ धावा केल्या. खेळी अप्रतिमच होती, पण तेव्हा सॉमरसेटची पहिली फळी ‘द हंड्रेड’मध्ये होती हेही खरे. आमच्याकडे २०२४-२५ची रणजी स्पर्धा मध्येच थांबवून सय्यद मुश्ताक अली आणि विजय हजारे या मर्यादित षटकांच्या स्पर्धा खेळवल्या गेल्या. थंडीत उत्तरेकडे धुक्यामुळे खेळ वाया जातो, म्हणून त्या व्यवस्थेला काही अर्थ तरी होता. तुमच्याकडे उलट आहे. चांगल्या हवामानाचे महिनेच मोठ्या सामन्यांना नाकारले जातात.

भाचा (ब्रिस्टल): आजोबा, मामा, हे मला पटते. पण मग लांबच्या खेळासाठी पांढऱ्या चेंडूचे खेळाडू बिघडतात असे म्हणू नका. टॉम बँटनला सगळे टी-२०चा फलंदाज म्हणत, आणि एप्रिल २०२५ मध्ये त्यानेच वूस्टरशायरविरुद्ध टाँटनला ३७१ धावा काढून जस्टिन लँगरचा ३४२ धावांचा क्लबचा विक्रम मोडला.

दादा (टाँटन): हे उदाहरण तू फार योग्य दिलेस. बँटन, एबेल, लॅमनबी, जेम्स र्‍यू अशी फलंदाजी असल्यावर धावांची काळजी नाही. मला चिंता आहे ती सामन्यात २० बळी घेण्याची, विशेषतः पहिल्या सहा-सात सामन्यांत, कारण तिथे विजयाचे १६ गुण हुकले की सप्टेंबरात कितीही फिरकी चालली तरी अंतर भरून निघत नाही. ड्युरॅम आणि वूस्टरशायर खालच्या विभागात गेले, लेस्टरशायर आणि ग्लॅमॉर्गन आपल्या विभागात वर आले. या दोन नव्या संघांविरुद्धचे सामने जिंकलेच पाहिजेत. मेअखेर पहिल्या तिघांत असलो तर यंदा अजिंक्यपद आपले, असे मी आज लिहून ठेवतो.

ताई (ब्रिस्टल): मग सभासदांच्या सभेत नेमके काय मागणार आहेस? नुसती खंत व्यक्त करून समिती हलणार नाही.

दादा (टाँटन): दोनच गोष्टी. जून-जुलैत अजिंक्यपदाचे किमान दोन सामने टाँटनला मिळावेत यासाठी क्लबने इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डाकडे लेखी आग्रह धरावा, आणि त्या सामन्यांचा शेवटचा दिवस रविवारी येईल अशी आखणी करावी, म्हणजे भाच्याच्या वयाची मुलेही येतील. पत्राचा मसुदा आज रात्री इथे टाकतो. काका, तुम्ही तो नजरेखालून घाला, आणि ताई, तू तोच ग्लॉस्टरशायरच्या सभासदांपुढे मांड.