सर्क्यूइटस कुठे चालतो, कुठे नाही

इंग्रजी ‘सर्क्यूइटस’ (circuitous) म्हणजे ‘अप्रत्यक्ष’ असं समजून कोणी अप्रत्यक्ष कराला ‘सर्क्यूइटस टॅक्स’ म्हटलं, तर ते चूक. तिथे ‘इनडायरेक्ट’च हवं. सर्क्यूइटस म्हणजे गरजेपेक्षा लांबचा, वळसे घेत जाणारा. रूट, जर्नी, आर्ग्युमेंट, एक्स्प्लनेशन यांना शोभतो. थोडक्यात, जिथे आपण ‘द्राविडी प्राणायाम’ म्हणू तिथे.

‘लेकी बोले सुने लागे’ छापाच्या टोमण्याला मात्र ‘ओब्लीक रिमार्क’. तो लांबलचक नसतो, फक्त तिरका असतो. माणूस आतल्या गाठीचा असेल तर ‘डीव्हियस’. त्यात लबाडी आली, म्हणून रस्त्याला लावताना जपून.

उच्चार ‘सर्किटस’ नव्हे. सर्-क्यू-इटस, आघात ‘क्यू’वर. स्पेलिंगमध्ये आख्खं ‘सर्किट’ लिहून पुढे ओ-यू-एस जोडायचं. उच्चारावरून लिहिणाऱ्यांचा ‘यू’नंतरचा ‘आय’ कधीकधी गळतो.