मदत हवी आहे: 'ब्झोझा'मध्ये 'ओ' कुठून आला?

रेघोटी: उद्या तक्ता द्यायचाय आणि एका ओळीवर अडकलेय. बर्चच्या झाडाचा मूळ शब्द *बेर्झा. नियम लावला की 'ब्झेझा' येतं, 'ब्झोझा' येत नाही. संस्कृत भूर्ज (बर्चच) कुठे बसवायचा तेही सांगा. प्लीज लवकर!

अनुस्वार: कुठल्या स्लाव्हिक भाषांचा तक्ता? रशियन बिर्योझा, बल्गेरियन ब्रेझा, चेक ब्रीझा. आणि कुठला नियम लावलात?

रेघोटी: अहो पोलिशच, शीर्षकात आहे की.

अनुस्वार: शीर्षकात 'ओ' आहे, भाषा नाही. असो. 'एर'चं उलटून 'रे' झालं, तिथेच तुम्ही थांबलात. पोलिशमध्ये पुढे कठोर (म्हणजे 'य'ची छटा नसलेलं) दंत्य व्यंजन असेल तर त्या 'ए'चा 'ओ' होतो. इथे कठोर झ आहे, म्हणून ब्झोझा. पडताळा हवा तर 'ब्झेझिना' (बर्चची राई) घ्या: 'इ'मुळे झ मऊ पडला, 'ए' टिकला. ब्झ मधला झ मात्र वेगळा, तो मऊ झालेला र आहे. दोन्ही एकाच रकान्यात टाकू नका.

भाषाभिमानी: एवढी कसरत कशाला? भूर्ज संस्कृत, तिथूनच गेला. उघड आहे.

ध्वनिवेडा: उघड काही नाही. 'भूर्'मधून 'बेर्'चा 'ए' काढून दाखवा. संस्कृतातला दीर्घ ऊ मुळातल्या स्वरहीन रूपातून आलाय, जसा पूर्णमधला (रशियन पोल्नी, लिथुआनियन पिल्नास). लिथुआनियनमध्ये बर्च बेर्झास, तिथेही 'ए'च. रेघोटी, भूर्ज *बेर्झाच्या वर नको, शेजारच्या फांदीवर लिहा. दोघांच्या वर 'चकाकणे, पांढरं असणे' या अर्थाचा धातू. पुनर्रचित (कुठे लिहिलेली न सापडलेली, तर्काने काढलेली) रूपांवरचा तारा विसरू नका.

भाषाभिमानी: मग रशियन 'बेरेग' (काठ) पण त्याच धातूचा ना? बर्च म्हणजे रक्षण करणारी.

ध्वनिवेडा: नाही. त्यात ग आहे, यात झ. जर्मन 'बेर्ग'शी (डोंगर) नातं बेरेगचं, बर्चचं नाही.

कॅलेंडरवाला: गंमत बघा, युक्रेनियन 'बेरेझेन' मार्च आणि लिथुआनियन 'बिर्झेलिस' जून. झाड एकच! चेक 'ब्र्झेझेन'ही मार्च, पण तो 'गाभण' या शब्दावरून आला असंही काहीजण मानतात.

पानफूल: ताईतासाठी अस्सल भूर्जपत्र कुठे मिळेल?

अनुस्वार: वेगळा धागा काढा. इथे सालीचा विषय निघालाच तर रशियातल्या नोव्हगोरोदचा काढू: १९५१ मध्ये तिथे बर्चच्या सालीवरचं पहिलं पत्र सापडलं. अक्षरं शाईने नव्हे, टोकदार लेखणीने कोरलेली. सालीला रशियनमध्ये 'बिरियोस्ता' म्हणतात. 'बेरेस्त' मात्र एल्मच्या जातीचं झाड, घोळ करू नका.

रेघोटी: 'ओ' सुटला, धन्यवाद. आता चेकमधला ई दीर्घ का? चेक रकानाही आहे.

अनुस्वार: म्हणूनच आधी भाषा विचारल्या होत्या. मूळ शब्दावर जो चढता स्वराघात होता, तो चेकने दीर्घत्वात जपला आणि रशियनने दुसऱ्या स्वरावरच्या आघातात: बिर्योझा. गायीवर ताडून बघा, चेक क्रावा, रशियन करोवा. पोलिशने दोन्ही सोडलं, त्या रकान्यात दीर्घाची खूण करू नका.