दोन्हीकडून घेणारा एजंट नक्की कुणाचा?

बी ३०२: नमस्कार. डोकं फिरलंय म्हणून थोडं लांब लिहितेय. लेकीसाठी रीसेलचा फ्लॅट बघतोय हे बहुतेकांना माहीत आहे. एजंटला विश्वासाने सांगितलं की अगदी ताणून एवढे जमतील. दुसऱ्या दिवशी मालकाने नेमका तोच आकडा मागितला. एक रुपया इकडे नाही की तिकडे नाही! आणि हे गृहस्थ आमच्याकडून १ टक्का घेणार, मालकाकडूनही १ टक्का. आपला वेगळा एजंट करावा का? कुणी केलाय का?

ए १०१: वकील आधी, एजंट नंतर.

सी २०२: ताई, वाईट वाटलं वाचून. पण सगळेच एजंट तसे नसतात.

डी ५०४: २०२, तुमचे मेहुणे याच धंद्यात ना? 😀

सी २०२: आहेत. त्याचा इथे काय संबंध?

डी ५०४: काही नाही हो, सहज.

बी ४०२: ३०२ ताई, साधा हिशोब सांगतो. घासाघीस करून भाव ५ लाखांनी उतरला तर तुमचे ५ लाख वाचतात. त्याचे दोन्हीकडचे मिळून १०,००० जातात. तेवढ्या पैशांत तुम्हाला खूश करण्यापेक्षा सौदा लवकर उरकलेला त्याला परवडतो. वेगळा एजंट केलात आणि तोही टक्क्यावर असला, तर भाव चढला की त्याचीही दलाली चढणार. मग तो तुमचा कसा?

बी ३०२: मग करायचं काय काका?

बी ४०२: ठराविक रक्कम बोला. सौदा कितीलाही होवो, फी तीच. आणि समोरच्याकडून एक पैसा घेणार नाही, असं लिहून घ्या.

सी २०२: बँकेत बसून हे बोलणं सोपं आहे. भर उन्हात महिनाभर फ्लॅट दाखवत हिंडायचं आणि शेवटी पार्टी म्हणते, "यंदा नको, पुढच्या वर्षी बघू." त्या पेट्रोलचे पैसे कोण देतं?

बी ४०२: मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. बँक मध्ये आणू नका.

सेक्रेटरी: सर्व सभासदांना विनंती, हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. उद्या ११ ते १ टाकी धुणार, पाणी भरून ठेवावे.

ए १०३: टाकी धुताय ते ठीक, झाकणाचं काय? कबुतरं पोहतात त्यात.

डी ५०४: माझी बहीण अमेरिकेत असते. तिथे आधी विक्रेत्याच्या पैशातूनच दोन्ही एजंटांची दलाली सुटायची, मिळून साधारण ५-६ टक्के. त्यावरून खटले झाले. ऑगस्ट २०२४ पासून तिथल्या रिअल्टर संघटनेचा नियम असा की खरेदीदाराने एजंटबरोबर घर बघायला जायच्या आधीच दोघांत लेखी करार हवा, त्याचे पैसे किती हे त्यात स्पष्ट हवं.

ए १०३: आपल्याकडे चहा होईपर्यंत एजंट टक्क्याचा विषयच काढत नाही.

सी २०२: रेरा म्हणजे बांधकाम व्यवहारांवर देखरेख ठेवणारा सरकारी कायदा, त्याखाली नोंदणी असलेला एजंट घ्या, प्रश्न मिटला. २०२३ पासून महारेराने, म्हणजे आपल्या राज्यातल्या रेरा प्राधिकरणाने, त्यांना प्रशिक्षण आणि परीक्षा लावली आहे.

बी ४०२: अर्धी माहिती देऊ नका. २०१६ च्या कायद्यात एजंटच्या नोंदणीची सक्ती रेरात नोंदवलेल्या प्रकल्पांपुरती आहे. तिथे नोंदणी नसेल तर दिवसाला १०,००० दंड, घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. ताई बघताहेत ती इमारत आपल्यापेक्षा जुनी. तिथे ही सक्ती लागू नाही. आणि नव्या बांधकामात जो म्हणतो "तुम्हाला काहीच द्यायचं नाही", त्याला बिल्डर देत असतो. चॅनेल पार्टनर म्हणतात त्याला.

ए १०१: वकील आधी, एजंट नंतर.

ए १०३: आजोबा, का ते तरी सांगा!

ए १०१: तिसऱ्या मजल्याचं विसरलात? बाई नुसत्या नॉमिनी. एजंट म्हणाला, शेअर सर्टिफिकेटच्या मागे त्यांचं नाव चढलंय, काळजी नको. लोकांनी इसार दिला. मग दोन दीर उगवले, वारस म्हणून. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे वकिलाने पहिल्या बैठकीत सांगितलं असतं. एजंट तोवर घेणारा-विकणारा दोघांकडून ॲडव्हान्स घेऊन मोकळा.

सेक्रेटरी: तेव्हा ना हरकत पत्र मी अडवलं, तर "सेक्रेटरीला काहीतरी हवंय" असं याच ग्रुपवर लिहिलं गेलं. कोणी ते सांगत नाही. असो. इतक्या वर्षांत खरेदीदाराच्या बाजूने थकबाकी विचारायला माझ्याकडे कुणी आलेलं नाही. एजंट येतात ते लिफ्ट चालू आहे का बघायला.

डी ५०४: आणि पार्किंग "मिळून जाईल" सांगायला.

सी २०२: हा टोमणा मला होता का?

डी ५०४: लागला का?

ए १०३: झाकण 🙏

बी ३०२: भांडू नका प्लीज, प्रश्न माझा आहे. आजोबांनी सुचवलेल्या वकीलबाईंशी आत्ताच बोलले. सर्च रिपोर्ट (मालकीच्या नोंदींची तपासणी), मागचे सगळे करारनामे, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीची थकबाकी, सगळं एका ठरलेल्या फीमध्ये बघणार. इसाराची पावतीसुद्धा त्यांनी वाचल्याशिवाय सही करायची नाही म्हणाल्या. वेगळा एजंट नको, भावाचं आम्हीच बोलू. जुन्या एजंटला तसं कळवलं, तर म्हणे, "ताई, घरातलीच गोष्ट आहे, तुमच्या बाजूने पाव टक्का सोडतो."

बी ४०२: बघा! आणि आता आकडा पुन्हा सांगू नका त्याला.

ए १०१: वकील आधी.

सी २०२: पावच? ताई, माझा मेहुणा अर्धा सोडेल. पर्सनलवर मेसेज करा.