दिवसभर ऊन आहे, तरी डेझी टिकत नाही. काय चुकतंय?

कासारवडवली_तळमजला:
नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडला आमच्या तळमजल्याच्या घरामागे, कुंपणालगत १२ फूट लांब नि २ फूट रुंद वाफा आहे. सकाळी नऊ ते चार कडक ऊन. नोव्हेंबरात शास्ता डेझीची सहा रोपं लावली. फेब्रुवारी-मार्चात अशी फुलली की कचरा न्यायला येणाऱ्या मावशीसुद्धा थांबून बघायच्या. एप्रिलात पानं करपून दोन गेली. उरलेली चार जुलैत आठवड्याभरात आटोपली. एक जरा ओढलं तर अख्खं हातात आलं. बुडखा काळा, वास कुजक्या कोबीचा. नर्सरीवाला तर म्हणाला होता, "बारमाही आहे ताई." आमचे हे म्हणतात, सदाफुली लाव नि गप्प बस. पण मला मधे पिवळी चकती नि भोवती पाकळ्या असलेलंच फूल हवंय, तेही दरवर्षी रोपं विकत न आणता.

ऐरोलीकर:
नर्सरीवाला खोटं बोलला नाही, कुठे बारमाही ते फक्त गाळलं. शास्ता डेझी ही नवनवी रोपं घडवणाऱ्या ल्यूथर बरबँकने कॅलिफोर्नियात तयार केली, १९०१ साली बाजारात आणली. नाव तिथल्या बर्फाळ शास्ता डोंगराचं. तिला हिवाळ्यात गारठा लागतो नि बुडाशी पाणी साचलेलं चालत नाही. आपल्याकडे गारठा नाही, पाणी मात्र चार महिने. ठाण्यात ती हंगामीच समजा.

तुम्हाला एकेरी पाकळीची शेवंती हवी. कूळ तेच. फुलं संपली की चार बोटं ठेवून छाटा. बुडातून काश्या (मुळाशी येणारे कोवळे फुटवे) फुटतील, त्या पावसाआधी कुंडीत लावून छज्जाखाली ठेवा. मधे एक-दोनदा शेंडे खुडा, म्हणजे झाड घुमारदार होतं. गणपती गेले की वाफ्यात. आणि वाफा वीतभर उंच करा; बिल्डरच्या भरावात पाणी मुरत नाही.

खारघर_गच्ची:
गलांडा लावा! उन्हाला भीत नाही. झाड फार वर्षं टिकत नाही, पण बिया पडून आपोआप उगवतं. ती पिवळी वेडेलिया मात्र आणू नका, शेजाऱ्याच्या कुंडीपर्यंत जाते. (अनुभव आहे. शेजारी अजून नीट बोलत नाहीत.)

कासारवडवली_तळमजला:
काका, शेवंती आहे की! सासूबाईंनी जुन्नरहून आणलेली, वाफ्याच्या टोकाला. हिरवीगार, कमरेएवढी. दोन दिवाळ्या गेल्या, एक कळी नाही.

ऐरोलीकर:
रात्री तिथे दिवा असतो का?

कासारवडवली_तळमजला:
अगदी डोक्यावर! सोसायटीचा एलईडी, रात्रभर चालू.

ऐरोलीकर:
मग कळी कशी धरेल? शेवंतीला लांब, सलग अंधार लागतो. दिवस लहान व्हायला लागले की ती कळीवर येते. मधे उजेड पडला तर नुसती पानंच वाढवत बसते. फुलशेतीवाले फुलणं पुढे ढकलायला मुद्दाम रात्री बल्ब लावतात. खत-बित काही नको, दिव्याला झापड लावून घ्या.

कासारवडवली_तळमजला:
सेक्रेटरींना विचारलं. म्हणाले, दिवा कॅमेऱ्यासाठी आहे, हात लावायचा तर वार्षिक सभेत विषय मांडा. सभा सप्टेंबरअखेर. तोवर कुंपणाच्या गजाला सासऱ्यांची जुनी काळी छत्री बांधलीय. दिवेलागणीला उघडते, सकाळी दुधाची पिशवी घ्यायला उठले की मिटते.