दादरला फोन चोरीला गेला, पोलिसांनी 'गहाळ' लिहिलं, आता इकडचे इन्शुरन्सवाले पैसे देत नाहीत

रेडिंगकर
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, आधीच सॉरी. मी इंग्लंडात रेडिंगला असतो. फोन कॉन्ट्रॅक्टवर घेतलाय, ३६ महिन्यांचा, हँडसेटचा हप्ता ३२ पौंड आणि सिमचं बिल वेगळं. वर दुकानातल्या पोराने "सगळं कव्हर आहे" म्हणत महिन्याला १३ पौंडांचा इन्शुरन्स त्याच बिलात चिकटवला, आणि मीही तेव्हा नवा फोन हातात आलाय या आनंदात सही ठोकली.

तर डिसेंबरात घरी ठाण्याला आलो होतो. परत निघायच्या दोन दिवस आधी दादाबरोबर दादरला गेलो, येताना संध्याकाळी सातची गर्दी, लोकलमध्ये चढताना मागून रेटा आला, आत जाऊन खिसा चाचपतो तर फोन नाही. पुढच्या स्टेशनला उतरून परत आलो, रेल्वे पोलिसांकडे गेलो. तिथले साहेब तसे चांगले होते, बसवलं, पाणी दिलं, पण म्हणाले चोरी लिहिली की एफआयआर, जबाब, परत यावं लागेल, त्यापेक्षा गहाळचा दाखला घ्या, सिमला आणि इन्शुरन्सला सगळीकडे चालतो. मला परवाची फ्लाइट दिसत होती, म्हटलं लिहा काय लिहायचं ते. सही करून शिक्का घेऊन घरी.

इथे येऊन क्लेम टाकला, कारण 'चोरी' लिहिलं, सोबत तो कागद आणि गुगलवर केलेलं भाषांतर. तीन आठवड्यांनी पत्र आलं की नामंजूर. एक, पोलिसांच्या कागदावर फोन हरवला असं आहे आणि माझ्या पॉलिसीत चोरी आणि तुटफूट आहे, हरवणं नाही (ते म्हणे वरच्या प्लॅनमध्ये होतं). दोन, शेवटचे २३ दिवस त्या फोनमध्ये कॉन्ट्रॅक्टची सिम चाललेली नाही, म्हणजे फोन माझ्या वापरात होता याचा पुरावा नाही. बरोबर आहे, मी इकडची सिम काढून पाकिटात ठेवली होती आणि तिकडचं प्रीपेड घातलं होतं, सगळेच घालतात की. तीन, गर्दीत फोन मागच्या खिशात म्हणजे काळजी घेतली नाही.

अजून २२ हप्ते बाकी आहेत म्हणजे ७०४ पौंड, नसलेल्या फोनचे. डोकं फिरलंय, डायरेक्ट डेबिट बंद करून टाकावं असं वाटतंय. कोणाला असा अनुभव?

आळशी_कासव
राग मानू नका, पण म्हणूनच मी हे घेत नाही. तुमचेच आकडे बघा, १३ पौंड महिना, ३६ महिन्यांचे झाले ४६८, वर क्लेम करताना एक्सेस (आपल्या खिशातून भरायचा वाटा) भरायचा तो वेगळा, आणि एवढं करून हातात येणार रिफर्बिश्ड (वापरलेला, दुरुस्त केलेला) फोन. मी फोन रोख घेतो, दोन पिढ्या जुना, सिम ओन्ली प्लॅन, आणि ते १३ पौंड महिन्याला बाजूला टाकतो. सहा वर्षांत एकदा स्क्रीन फुटली, त्याच पैशातून बदलली.

फणसगरे
कासवराव, घर जळाल्यावर विहिरीचं ज्ञान नको 😀

रेडिंगकर, डायरेक्ट डेबिट अजिबात बंद करू नका!! मी केलं होतं. माझा फोन लंडनात रस्त्यावर मॅप बघत उभा असताना इलेक्ट्रिक सायकलवाल्याने हातातून उडवला, क्लेम अडकला, मी रागात हप्ता थांबवला. हँडसेटचा हप्ता म्हणजे कर्ज आहे, क्रेडिट अ‍ॅग्रीमेंट, फोन चोरीला गेला म्हणून ते संपत नाही आणि इन्शुरन्सच्या भांडणाशी त्याचा संबंध नाही. क्रेडिट फाइलवर (कर्जफेडीच्या नोंदीत) चुकलेले हप्ते लागले, नंतर घराच्या मॉर्गेजच्या वेळी त्यावर स्पष्टीकरण देत बसलो. पैसे भरत राहा आणि भांडा.

माझं अडकलं होतं ते आयएमईआयवर, म्हणजे प्रत्येक हँडसेटचा स्वतःचा ओळख नंबर असतो त्यावर. फोन आधी एकदा वॉरंटीत बदलून मिळाला होता, नव्या हँडसेटचा नंबर वेगळा, पॉलिसीवर जुनाच. ते म्हणाले हा फोन आमच्याकडे इन्शुअर्डच नाही. रिपेअर सेंटरची मेल सापडली त्यात दोन्ही नंबर होते म्हणून सुटलो. ज्यांचा फोन कधी बदलून मिळालाय त्यांनी आत्ता *#०६# डायल करून पॉलिसीशी ताडून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

टेम्सकाठी
मी पूर्वी क्लेम्समध्येच काम केलंय (या कंपनीत नाही, आणि हे लोकल-बिकल प्रकरण माझ्या वेळी आलं नाही). तुमच्या पत्रातली तीन कारणं एकाच तराजूत तोलू नका. तिसरं सगळ्यात पोकळ आहे, पहिलं खरं दुखणं आहे.

काळजी घेतली नाही, हे म्हणणं सोपं, पण इथे नुसता निष्काळजीपणा पुरत नाही. धोका दिसत होता आणि तरी त्याची पर्वा न करता वागलात, असं त्यांना दाखवावं लागतं. १९९३ चा सोफी विरुद्ध प्रुडेन्शियल नावाचा निकाल आहे, तो माणूस दागिने गाडीच्या कप्प्यात कुलूप लावून ठेवून डोव्हरचा किल्ला बघायला गेला होता, दागिने गेले, आणि अपील कोर्टाने तो बेपर्वा नव्हता असं म्हटलं. त्यापुढे मागचा खिसा म्हणजे काय. मुंबईत लोकल पकडणाऱ्याने फोन ठेवावा तरी कुठे, दातात?

दुसरं, वापराचा पुरावा. ती अट अशासाठी असते की कपाटात पडलेला जुना फोन चोरीला गेला म्हणून कोणी दाखवू नये. म्हणजे सिम हाच एकमेव पुरावा असं नाही. फोन ज्या अकाउंटला जोडलेला असतो त्यात डिव्हाइसची यादी असते, त्यात आयएमईआय आणि शेवटच्या बॅकअपची तारीख दिसते. निघायच्या दिवसापर्यंत इकडच्या नेटवर्कवर वापर होताच. विमानाचं तिकीट, तिकडच्या प्रीपेडचं रिचार्ज, त्या फोनने काढलेले फोटो तारखेसकट, आणि फाइंड माय (फोन शोधायची सोय) मध्ये शेवटचं ठिकाण दादर दिसत असेल तर त्याचा स्क्रीनशॉट. हे सगळं एका मेलमध्ये एकाखाली एक लावून पाठवा.

आणि महत्त्वाचं, "क्लेम परत बघा" असं फोनवर बोलत बसू नका. लेखी लिहा की ही माझी तक्रार आहे. तक्रार त्यांना मिळाली की घड्याळ सुरू होतं. आठ आठवड्यांत त्यांनी फायनल रिस्पॉन्स (शेवटचं लेखी उत्तर) द्यायचा असतो, तो पटला नाही किंवा आलाच नाही तर फायनान्शियल ओम्बड्समन सर्व्हिस, म्हणजे बँक-विम्याच्या तक्रारी सोडवणारी स्वतंत्र संस्था, तुमच्यासाठी पूर्ण फुकट. फायनल रिस्पॉन्सच्या तारखेपासून सहा महिन्यांत जायचं, हे विसरू नका, पत्र ड्रॉवरमध्ये टाकून उन्हाळ्यात आठवलं की संपलं. तिथे आधी इन्व्हेस्टिगेटर बघतो, तो पटला नाही तर ओम्बड्समन. ओम्बड्समनचा निर्णय तुम्ही मान्य केलात तर कंपनीला बंधनकारक, तुम्ही नाकारलात तर कोर्ट मोकळं.

तक्रार कोणाविरुद्ध करायची तेही बघा. दुकान नेटवर्कचं, पैसे नेटवर्कच्या बिलात, पण विमा देणारी कंपनी तिसरीच असते आणि क्लेम हाताळणारी चौथी. पॉलिसीच्या कागदात अंडररायटर (म्हणजे खरी विमा देणारी कंपनी) कोण लिहिलंय ते शोधा. दुकानातला पोरगा काय बोलला ती तक्रार वेगळी, विक्रीची. तुम्हाला दोन पानी छोटा कागद मिळाला असेल ज्यात काय कव्हर आहे आणि काय नाही ते खुणा करून दिलेलं असतं, हरवणं कव्हर नाही हे त्यात स्पष्ट असेल तर त्या मुद्द्यावर फार जोर लावू नका.

रेडिंगकर
बापरे, धन्यवाद. तो दोन पानी कागद मेलमध्ये सापडला, 'हरवणं' पुढे ठळक फुली आहे, मी कधी उघडलाच नव्हता. म्हणजे सगळं त्या 'गहाळ' वर आलं. आता क्लेममध्ये चोरी लिहिलं आणि कागदावर हरवलं, त्यामुळे ते पत्रात मी विसंगत माहिती दिली असंही लिहितायत, ते जास्त लागलंय. विचार करतोय की सरळ लिहावं का, मी प्लॅटफॉर्मवर चोराला पळताना बघितलं वगैरे?

टेम्सकाठी
अजिबात नाही!! बघितलं नाहीत तर बघितलं नाही असंच लिहा. खऱ्या क्लेममध्ये एक खोटं वाक्य घातलं की पुढचं प्रत्येक वाक्य त्यांना खोटं वाटतं, आणि फ्रॉडचा शिक्का लागला तर इन्शुरन्स फ्रॉड रजिस्टर आहे, गाडीच्या विम्यापर्यंत त्रास होतो. जे झालं तेच लिहा: चढायच्या आधी खिशात होता, रेटा आला, चढल्यावर नव्हता, भाऊ सोबत होता, लगेच मागे जाऊन पोलिसांकडे गेलो. डोळ्यांनी बघितलेली चोरी लागत नाही, दोन शक्यतांपैकी जास्त शक्य कोणती एवढंच बघतात. खिशात बटण होतं का?

रेडिंगकर
जीन्स. बटण कसलं. पण घट्ट होती, आपोआप पडणं कठीण.

टेम्सकाठी
हे लिहा. 'आपोआप पडणं कठीण' हा तुमच्या अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात कामाचा मुद्दा आहे आणि तो तुम्ही आत्ता सांगताय 😀

वकिलीणबाई
उशिरा वाचलं. ठाण्यात प्रॅक्टिस करते, फौजदारी. इकडच्या कागदाबद्दल बोलते, तिकडचं टेम्सकाठी ताईंनी चोख सांगितलंय.

गहाळचा दाखला ही आमच्याकडची जुनी सवय आहे. गहाळ लिहिलं की गुन्हा नोंदला जात नाही, तपास नाही, आकडा वाढत नाही. तक्रारदारालाही घाई असते, त्यामुळे दोघंही खूश. पण कायद्याने फोन कोणी खिशातून काढला असेल तर ती चोरी, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू आहेत, आधीच्या आयपीसीचं ३७९ ते हेच.

तुमच्या कागदावर नेमकं काय वाक्य आहे? शब्द न् शब्द टाका.

रेडिंगकर
नाव पत्ता वगळून: "सदर अर्जदार हे लोकलमध्ये चढत असताना गर्दीमध्ये त्यांच्या पँटच्या खिशातील मोबाईल गहाळ झाला बाबत अर्ज दिला आहे."

वकिलीणबाई
बघा, "पँटच्या खिशातील" हे आहे ना! घरात, रिक्षात, हॉटेलात विसरला असं कुठेही नाही. गुगलने या वाक्याचा काय चुरा केला असेल देव जाणे. चांगल्या भाषांतरकाराकडून प्रमाणित भाषांतर करून घ्या, आणि तक्रारीत एक परिच्छेद असा घाला की हा दाखला तपासाअंती काढलेला निष्कर्ष नाही, ती अर्जाची नुसती नोंद आहे आणि पोलिसांकडे त्या नोंदीचा तो प्रकार आहे.

आता एफआयआर. अजूनही होऊ शकते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या) कलम १७३ प्रमाणे माहिती तोंडी देता येते, इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही देता येते, पण मेल केली तर तीन दिवसांत सही करावी लागते, तुम्ही रेडिंगहून ते कसं करणार. त्यापेक्षा तुमचे भाऊ तिथे हजर होते ना, त्यांनी जाऊन माहिती द्यावी, फिर्याद मालकानेच द्यायला हवी असं नाही. सोबत गहाळच्या दाखल्याची प्रत, फोनचं बिल, आयएमईआय, तुमचं एक पत्र. उशीर का झाला ते फिर्यादीतच लिहायचं, पण त्याच दिवशी पोलिसांकडे गेलात याचा शिक्का तुमच्याकडे आहे त्यामुळे फार अडचण नाही. प्रत फुकट मिळते, मागून घ्यायची. नाही म्हणाले तर शांतपणे वरिष्ठांना लेखी अर्ज पोस्टाने, तीही सोय त्याच कलमात आहे.

सीईआयआरवर, म्हणजे गेलेला फोन ब्लॉक करायच्या सरकारी पोर्टलवर, फोन ब्लॉक केलाय का? त्या फॉर्मात मोबाईल नंबर आणि आयएमईआय दोन्ही भरावे लागतात, पोलिसांचा कागदही जोडावा लागतो. केला असेल तर ती रिक्वेस्ट तुमच्या त्या 'सिम चाललीच नाही' वाल्या मुद्द्यालाही जोडता येईल.

रेडिंगकर
दुसऱ्या दिवशीच केला होता, दादाने बसून करून दिला, रिक्वेस्ट आयडी आहे. हे पुरावा म्हणून सुचलंच नव्हतं.

अजून एक, फोन लॉस्ट मोडला टाकताना दादाचा नंबर दिला होता, त्यावर गेले चार दिवस मेसेज येतायत की तुमचा फोन सापडलाय, लोकेशन बघायला लिंक उघडा. उघडल्यावर आयडी पासवर्ड मागतात. आई म्हणते चांगला माणूस असेल, दे की.

फणसगरे
चोरच आहे तो! फोन लॉक असल्यामुळे विकता येत नाहीये म्हणून पासवर्ड काढून घेतोय. मलाही आले होते, अगदी कंपनीच्या लोगोसकट. लिंक उघडू नका, आणि फोन अकाउंटमधून काढूनही टाकू नका, निदान क्लेम मिटेपर्यंत तरी. फक्त तुटलेला फोन दुरुस्तीला द्यायचा तेव्हा फाइंड माय बंद करायला सांगतात, चोरीत उलटं. ते मेसेज पण सेव्ह करा, हरवलेला फोन कोणी लिंका पाठवून मागतं का?

टेम्सकाठी
+१. हे स्क्रीनशॉट तक्रारीत घालाच, तारखेसकट. चोरीचा याहून चांगला साक्षीदार कुठे मिळणार, स्वतः चोरच.

आळशी_कासव
मान्य, हे वाचून एवढं कळलं की भांडायला जागा आहे. तुमच्या बँक अकाउंटसोबत फोनचा किंवा प्रवासाचा विमा फुकट आलाय का तेही एकदा बघा, महिन्याला फी कापणाऱ्या अकाउंटमध्ये बऱ्याचदा असतो आणि लोक दोनदा पैसे भरत बसतात. माझ्या मेहुण्याचं असंच निघालं.

रेडिंगकर
बघतो आज. तक्रारीचा मसुदा अर्धा लिहून झालाय, जीन्सचं पण लिहिलंय. दादा शनिवारी दादरला जातोय, त्याला बजावलंय की चहा पी, गप्पा मार, पण कागदावर 'गहाळ' दिसलं की सही करू नकोस.